मांडीवरच्या सुताचा आवाज

माघाच्या कोवळ्या उन्हात उकळत्या रेशीमकोशांचा उग्र दर्प पवनीच्या त्या बोळात पसरला, की सखूकाकी सूत काढायला बसल्या हे न सांगता कळे. उंबरठ्याआड अर्धा उजेड, अर्धी सावली. डाव्या हातात चार-सहा कोशांचे ओले तंतू, लुगडं वर खोचून उघड्या केलेल्या मांडीवर राखेचा पातळ लेप, आणि त्या तंतूंना मांडीवर पीळ देत पुढे सरकणारा उजवा तळवा. त्या तळव्याला घाई ठाऊक नव्हती. मधाच्या रंगाचा धागा त्यातून असा निघे, की जणू हिवाळ्याचं ऊनच काकी कातत होत्या.

सूत चालू असताना पुरुषाने उंबरठा ओलांडायचा नाही, हा त्या घराचा रिवाज. माग सोडून पाणी प्यायला आलेले काकासुद्धा बाहेरूनच खाकरत. त्यामुळे कोष्ट्यांच्या या गावात मागाची खटखट सर्वांच्या कानी होती. ज्या मांडीवर ते वस्त्र जन्माला येई, ती मात्र कुणाच्याच डोळ्यांपुढे नव्हती.

मी तेव्हा नववीत होते. स्नेहसंमेलनासाठी विद्यार्थ्यांनी गावच्या कारागिरीचा ध्वनिकार्यक्रम करावा, असं आमच्या मराठीच्या गुरुजींच्या मनाने घेतलं. हौसेला मोल नसतं. पण उसना टेपरेकॉर्डर आणि एकुलती एक कॅसेट, एवढंच त्या हौसेचं भांडवल होतं. काकींच्या दारी गुरुजी स्वतः कडुनिंबाखाली बसले आणि यंत्र माझ्या हाती देऊन मला आत पाठवलं.

त्या वर्षी काकींच्या मांडीचं कातडं फाटलं होतं. हे आता थांबवा, असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि हे काम शिकायला सुनेने तर आधीच नकार दिला होता. काकी मला म्हणाल्या, "बोलनं तं सारेच बोलतेत. तू माह्या सुताचा आवाज धर, पोरी. मंग तो कोनाले आयकू येनार नाही."

मी धरला. ओल्या तंतूवर कोरड्या तळव्याची सळसळ, आणि प्रत्येक फेरीला दाताखाली दाबलेला एक श्वास. बाकी काही नाही.

त्यानंतर मी तापाने अंथरुणाला खिळले. गुरुजींनी कॅसेट एकट्याने ऐकली. ज्याने ती मांडी कधी पाहिलीच नाही, त्याला तो आवाज ओळखू कसा यावा? टेपची खरखर समजून त्यांनी त्यावर मागाची खटखट भरली. त्यांना दोष द्यायला माझी जीभ आजही रेटत नाही.

मी उठले ती थेट स्नेहसंमेलनाच्या दिवशी. कार्यक्रम रंगला. मागाच्या ठेक्यावर टाळ्या पडल्या, काकांची छाती फुगली. बायकांच्या रांगेत काकी शेवटपर्यंत मान किंचित कलती ठेवून बसल्या होत्या. सारं आटोपल्यावर त्या पुढे आल्या.

"गुरुजी, माहं सूत कोठी हाये?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. कॅसेटवरची ती सळसळ म्हणजेच काकींचं सूत, हे मी कसंबसं सांगितलं, तसा त्यांचा चेहरा उतरला. उद्याच यंत्र घेऊन येतो, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

"आता कायले येता?" काकी शांतपणे म्हणाल्या. "मांडी सूत धरत नाही आता."

आणि दुखरा पाय सांभाळत त्या घराकडे चालू लागल्या. गुरुजी हातातली कॅसेट नुसती उलटसुलट करत उभे होते, आणि मी त्यांच्याशेजारी. आम्हा दोघांनाही करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

काकी जाऊन आता कितीतरी हिवाळे लोटले. कोशाचं लुगडं नेसताना निऱ्यांवरून तळवा फिरवला, की क्षणभर तीच सळसळ उठते. मी हात थांबवते, आणि काकीही थांबतात. काळाने त्यांचं सारंच नेलं असं म्हणवत नाही. पण जे उरलं ते फक्त माझ्या तळव्यात आहे, आणि ते मला कुणालाच ऐकवता येत नाही.