मुकादमाचा विसावा

नीलमच्या नेटवर्कचं दुपारी आलेल्यांशी काय वाकडं होतं, ते कोणालाच कळेना.

उत्तमरावांच्या दोन अभ्यासिका. एक अमरावतीत राजापेठेला, दुसरी अकोल्यात. पोरं तिथं संगणकावर सराव परीक्षा देत. नीलम त्यांच्याकडे वायरी ओढायच्या कामाला लागली होती. सहा महिने मालकाच्या मागे लागून तिनं अकोल्याचं नेटवर्क नव्या पद्धतीनं बांधून घेतलं. जुन्या पद्धतीत प्रत्येक स्विच आपल्याच अकलेनं ठरवतो, कुठला डेटा कुठं धाडायचा. नीलमचे स्विच नुसते हमाल. अक्कल सगळी मागच्या खोलीतल्या एका छोट्या संगणकात. त्याला ती मुकादम म्हणे. नवं ओझं आलं की हमाल मुकादमाला विचारत, आणि ते ओझं येत राही तोवर पुन्हा विचारायला जात नसत. राजापेठेत बसून चार ओळी लिहिल्या की मुकादमाचा हुकूम बदले. याचं तिला कोण कौतुक!

आणि आता ही तक्रार. सकाळपासून बसलेल्यांचं सुरळीत चाले. दोन वाजता आलेल्याला मात्र पान उघडेना. चहाला उठून गेलेलाही परत येऊन हात चोळत बसे. अडीचला पुन्हा सगळं ठीक.

"शनिवारलोक वाट पाह्यतो," उत्तमराव म्हणाले. "नाई तं जुनंच बसवतो. मंग तू हाये न् तुह्या वायरी."

काम जाण्याची भीती होतीच. पण भीतीहून कुतूहल मोठं होतं. बिघाडाला घड्याळ कसं कळतं? मुकादमाच्या नोंदींत दुपारचा अर्धा तास कोरा दिसे, तो तिनं अकोला-राजापेठ लाईन तुटल्याच्या खात्यात टाकला होता. बुधवारी बडनेऱ्याहून गाडी धरून ती अकोल्याला गेली आणि मागच्या खोलीत ठाण मांडून बसली.

दोनला राखणदार देवमनकाका आत आले. हात धोतराला पुसले, मुकादमाच्या पाठीवर ठेवून पाहिले आणि शांतपणे बटण बंद केलं.

"काका, कावून बंद करून राहिले?"

"इसावा देऊन राहिलो त्याले. कापसाच्या जिनिंगमध्ये जिंदगी गेली माही. भर उन्हात यंत्राले अर्धा घंटा इसावा नाई देला तं जळते."

"पण कोणी सांगतलं तुमाले?"

"सांगाले कायले पाह्यजे, माय? हात लावून पाह्य."

तिनं हात लावला आणि झटकन मागे घेतला. भाकर भाजावी इतकं तापलं होतं. हुकूम मिळालेले हमाल ओझी वाहतच होते, नव्या ओझ्याचं विचारायला मुकादमच जागेवर नव्हता. आणि पंखासुद्धा नसलेल्या खोलीत त्याला बसवणारी कोण? तीच. नीलमला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं उत्तमरावांना फोन केला. यंत्र रोज बंद होतं म्हणाली.

"कोन करते बंद? नाव सांग, आजच काढतो त्याले."

एक नाव घेतलं असतं तर तिचं काम वाचलं असतं. देवमनकाका दारात बसून सुपारी कातरत होते.

"चूक माही हाये, भाऊ. साऱ्याइनं एकालेच विचारावं, असं मी बांधलं. उद्या ते यंत्र जळालं तरी हेच होईन."

पलीकडे फोन आपटल्याचा आवाज झाला.

पुढचे दोन दिवस ती राजापेठेत मान मोडून बसली. स्वतःच्या लॅपटॉपलाच तिनं दुसरा मुकादम केलं. अकोल्याचा जागेवर नसला तर हमालांनी याला विचारायचं, एवढंच शिकवायचं होतं, पण ते शिकवता शिकवता तिचा घाम निघाला.

शनिवारी दोनला उत्तमराव हाताची घडी घालून मागे उभे राहिले. नीलमनं फोन स्पीकरवर टाकला.

"काका, बंद करा."

"केलं." मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "हे प्रतीक्षा नावाची पोरगी आताच येऊन बसली. तिचं पान उघडलं, माय."

नीलमनं डोळे मिटून घेतले. फोनमधून काका पुढं म्हणाले, "मंग तुह्यावाल्याले कवा इसावा देतं?"

उत्तमरावांनी आवाज ओळखला. "देवमन करे काय हे?"

"हो," नीलम म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी हाताची घडी सोडली. "तिथं एक पंखा बसव," ते म्हणाले. "न् तो काय विचारून राहिला, त्याचं उत्तर दे त्याले."

"सकाळी देईन, काका," नीलम म्हणाली. "तवा तुमचावाला जागा राह्यते."