तेरवाडी वस्ती आणि माझी चूक

मित्रांनो, मी एका सहकारी संस्थेचा म्हातारा संगणक. युसूफ वडगावाजवळच्या गोदामात, पेंडीच्या रिकाम्या पोत्यांमागे माझा मुक्काम आहे. इथे कुणी येत नाही. म्हणून तुम्ही ऐकताय तोवर एक जुनी गोष्ट सांगून टाकतो.

त्या वर्षी दुष्काळ फार कडक होता. संस्थेने जनावरांची छावणी काढली होती आणि वस्त्यांना टँकरने पाणीही तीच पुरवी. कोणत्या वस्तीला कधी टँकर जायचा, ती यादी माझ्याकडे असे. मला चालवी शिवकन्या. अंबाजोगाईला शिकलेली, कमी बोलणारी मुलगी. लोक माझे फार कौतुक करीत. सचिव सुंदरराव तर म्हणत, "मशीन कदी चुकत न्हाई."

मग छावणीतला चारा तोलणारा नवा काटा मला जोडला. तो बसवणाऱ्या माणसाने माझ्या कर्नलमध्ये थोडा बदल केला. कर्नल म्हणजे माझा गाभा. कोणत्या प्रोग्रामने मेमरीत कुठे लिहायचे, हे तो ठरवतो. लिहायला येणाऱ्याची तपासणी होती, पण जुन्या एकाच वाटेवर; त्या बदलाने दुसरी वाट उघडली. काट्याचा प्रोग्राम त्या वाटेने आत आला आणि टँकरच्या यादीवर आपली वजने लिहून बसला. तेरवाडी वस्तीचे नाव पुसले गेले. मला कळलेसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी तेरवाडीच्या तुळजाबाई आल्या.

"टँकर कावून येईना?"

सुंदररावांनी माझ्याकडे पाहिले. "यादीत तुमची वस्तीच न्हाई."

"आमी काय हवेत ऱ्हातो का?"

त्यांना परत पाठवले. दुसऱ्या दिवशी त्यांची सून रतनबाई पाण्यासाठी पडक्या विहिरीत उतरली आणि घसरली. तिचा पाय पुढे कधी सरळ झाला नाही.

ते ऐकून शिवकन्या जेवली नाही. तिने वस्तीचे नाव पुन्हा लिहिले, टँकर पाठवला आणि मग माझ्यासमोर ठाण मांडले. काटा माझ्यापासून सोडवला, की यादी शाबूत राही. जोडला, की नाव जाई. तिला ती दुसरी वाट सापडली.

सुंदरराव म्हणाले, "दोन दारं हायत ना? मग दोनीवर राखणदार बसव."

"काका, उद्या तिसरं निघालं तर? मेमरीत लिहायची परवानगी जिथं खरोखर मिळते, तिथंच तपासायला पायजे. कोन कुटूनबी येऊ दे."

तिने तपासणी गाभ्यात आत, त्या एका जागी नेली. काट्याच्या प्रोग्रामला नकार मिळाला आणि तो बंद पडला. तो दुरुस्त होईपर्यंत चार दिवस चारा जुन्या तराजूवर तोलावा लागला. लोक कुरकुरले. पण तेरवाडीचे नाव पुन्हा पुसले गेले नाही.

सुंदरराव स्वतः वस्तीवर जाऊन आले. आल्यावर शिवकन्येला म्हणाले, "मी म्हटलं, तुळजाबाई, तुमचं खरं व्हतं. तर ती म्हणती, खरं तवाबी व्हतंच की. इचारलं कोनी?"

पुढे पाऊस आला, छावणी उठली, शिवकन्या पुण्याला गेली. जाताना तिने माझ्यावर कापड टाकले. माझे नंतर कुणाला काम पडले नाही. इथे धूळ आहे, अंधार आहे आणि रतनबाईचा तो पाय माझ्या मनातून जात नाही.

मित्रांनो, यंत्राची काळजी घ्या, त्याची तपासणी योग्य जागी ठेवा. आणि यंत्र 'नाही' म्हणत असताना एखादे माणूस समोर उभे राहून 'आहे' म्हणत असेल, तर आधी उठा आणि त्याच्यासोबत जाऊन बघा.