शनिवारचा घोळका

बेल्जियममधल्या गेंट शहराच्या कालव्यावर मार्चमधला सकाळचा उजेड घाईने कधीच येत नाही. आधी पाण्याच्या कडेला एक राखी रेघ उमटते. मग काठाला बांधलेल्या घरनौकांच्या काचा एकेक करून दुधाळ होतात. मग पलीकडच्या विटांच्या उंच भिंतीवर, कोणी ओल्या फडक्याने रात्र पुसत यावं तसा, तो वरून खाली सावकाश उतरू लागतो. आणि तळाशी पोचेपर्यंत पुलावरून दोन-चार सायकली निघून गेलेल्या असतात. वान्नेस कठड्याला टेकून हे पाहत होता. खरं म्हणजे, पाहण्याच्या निमित्ताने तो उजव्या पायावरचा भार डाव्यावर घेत होता.

नव्याने धावायला शिकणाऱ्यांचा घोळका दर शनिवारी या पुलापाशी जमे. वान्नेस घरी बसून इतरांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासत असे. आठवड्यात त्याच्याशी बोलणारी माणसं म्हणजे एवढीच. आज घोळक्याचे दोन भाग होणार होते. न थांबता धावू शकणारे पुढे, बाकीचे चालत-धावत मागे. ओळखीची सगळी पुढे जाणार, हे उघड होतं. म्हणून गेले काही आठवडे विश्रांतीच्या ठरलेल्या संध्याकाळीही तो एकटाच, चोरून धावत असे. घरात बसवत नसे. पुस्तक उघडावं, मिटावं, खिडकीशी जावं, आणि शेवटी बूट चढवावेत.

"काय रे पोरा, आज तरी तोंड उघडणार का?" ओडेटने मागून टपली मारली. साठी उलटलेली ही बाई आयुष्यभर ट्राम चालवून निवृत्त झाली होती.

"उघडेन की. जांभई आली की."

"माखटेल्ड, ऐकलंस? हा विनोद करतोय! आज बर्फ पडणार बघ."

माखटेल्ड त्यांची प्रशिक्षक. "गप्पा मारत धावा," ती ओरडली. "बोलता येईना, तर वेग जास्त आहे. चला!"

पुढच्यांबरोबर वान्नेसही निघाला. खडीच्या वाटेवर पहिल्याच वळणाआधी उजव्या नडगीत ती जुनी, बारीक, तापलेली तार ओढली गेली. त्याने ओठ आवळले. शेजारी ओडेट जावयाच्या नव्या कुत्र्याविषयी सांगत होती. सांगता सांगता ती मध्येच थांबली.

"तुझी पावलं सारखी वाजत नाहीत रे. ट्रामचं चाक एका बाजूला झिजलं की असंच वाजतं."

"बूट नवे आहेत."

"गेल्या शनिवारी मोजे नवे होते. माखटेल्ड! अगं, इकडे ये जरा!"

तो थांबला नसता, पण माखटेल्ड वाटेत आडवीच उभी राहिली. तिने त्याला बाकावर बसवलं आणि अंगठ्याने नडगी दाबत खाली आली. एका जागी तो दचकून मागे सरला.

"मधल्या दिवशीही धावतोस ना?"

तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला.

"अरे, दम काही आठवड्यांत वाढतो. हाडाला महिने लागतात. तुला वाटतं जमतंय, आणि आत हाड तडकायच्या बेतात असतं."

"नुसतं ताठरलंय. गरम झालं की जाईल."

"जातं का?"

बाकीचे झाडांच्या रांगेपलीकडे लहान होत चालले होते. कोणाचं तरी हसू पाण्यावरून मागे आलं. आत्ता उठलो तरी गाठता येईल, त्याच्या मनात आलं. तो उठलाही.

"थांब. एका पायावर उडी मार. आधी डाव्या."

डाव्यावर जमली. उजव्यावर त्याने गुडघा वाकवला, श्वास घेतला, आणि टाच जमिनीवरून सुटलीच नाही.

"हे तडकलेलं असलं तर कित्येक आठवडे धावणं बंद," माखटेल्ड हळू आवाजात म्हणाली. "डॉक्टरांना दाखवावं लागेल. मला एवढंच सांग, नुसतं चालताना दुखतं का?"

वान्नेसने झाडांकडे पाहिलं. तिथे आता कोणी दिसत नव्हतं.

"चालतानाही दुखतं," तो म्हणाला.