कानामागची बट

ओशिगेबाई आल्या की तोकुजीची पाठ ताठ व्हायची. ओनामीच्या बाळंतपणाला अर्धं वर्ष झालं होतं, पण घरात एवढ्या ताठ पाठीनं बसलेला नवरा तिनं पाहिला नव्हता.

जपानच्या एदो शहरातल्या कविमंडळींनी नव्या वर्षासाठी चित्र छापायला घेतलं होतं. पाठमोरी उभी स्त्री, मान किंचित वळलेली, आणि वर ओशिगेबाईंची कविता: आत्ताच विंचरलेले केस वसंतवारा पुन्हा विस्कटतो, रागवावं तरी कोणावर? चित्रकाराचा कागद छापाच्या लाकडी फळीवर उपडा चिकटवून तोकुजी त्यावरून चित्र कोरत होता. चित्रकार केसांची फक्त कड काढून देतो. आतला एकेक केस कोरणाऱ्याच्या मनातला.

आणि तोकुजीच्या मनात कोण आहे, एवढंच ओनामीला कळायला हवं होतं.

"अगंबाई, माझी अक्षरं बघा कशी उलटी उभी आहेत!" ओशिगेबाई फळीवर वाकून हसल्या. "मला तर एक वाचता येईना."

"सवय लागते," ओनामी म्हणाली. मांडीवर तान्ही मित्सु चुळबुळत होती. "मला सरळच दिसतात."

"वहिनी, तुम्ही काय बाई, मुरलेल्या!"

त्या वाकल्या तेव्हा ओनामीनं पाहिलं. डाव्या कानामागे अंबाड्यातून सुटलेली बारीक बट. तिनं फळीकडे पाहिलं. तिथंही डाव्याच कानामागे, तशीच बट. चित्रकाराच्या कागदावर ती नव्हती, हे ओनामीला पक्कं आठवत होतं.

ओशिगेबाई गेल्यावर तिनं चहाचे पेले आपटले.

"काय झालं?" तोकुजीनं मान वर न करता विचारलं.

"काही नाही. बट छान जमलीय. अगदी हुबेहूब."

"कोणाची?"

"तुम्हीच सांगा ना! विधवा बाई, वर कविता करते, केस कसे काळेभोर. आणि इथं रोज फणीत मूठभर केस येतात माझे. मग नजर जाणारच कुठं!"

तोकुजीनं कोरणी खाली ठेवली. मग फळीला शाई लावून त्यानं वर कागद ठेवला, घासला आणि उचलून तिच्यासमोर धरला.

बट उजव्या कानामागे होती.

"कोरणाऱ्याची बायको तू," तो म्हणाला. "अक्षरं उलटी वाचतेस आणि केस सरळ बघतेस?"

ओनामीचे कान तापले. "मग कोणाची ही?"

"हात लावून बघ की."

तिनं उजव्या कानामागे बोटं फिरवली. तिथं फक्त कातडी लागली, आणि नव्यानं फुटलेली खुरटी लव.

"होती तिथं," तोकुजी म्हणाला. "लग्न झालं तेव्हा. तू चुलीवर वाकलीस की सुटायची. तुला दिसायची नाही, मला दिसायची."

तिला रडू यायला हवं होतं, गोड वाटायला हवं होतं. पण कागदावरच्या त्या बाईकडे बघताना तोच मत्सर पेटला, आणखी मोठा. ओशिगेबाईंना निदान नावं ठेवता आली असती. हिच्या मांडीवर पोर नव्हतं, डोळ्यांखाली काळं नव्हतं, आणि नवरा दिवसचे दिवस हिचाच एकेक केस कोरत बसला होता.

"काढून टाका ती."

"वेडी आहेस का? तूच आहेस ती."

"मी इथं बसलेय."

तोकुजी उठला. त्यानं मित्सुला उचललं आणि कोरणी ओनामीच्या हातात दिली. "मला नाही जमणार. तूच काढ."

ओनामीनं फळी पुढं ओढली. एका हलक्या झटक्यात बट सुटली, नखाएवढं लाकूड. तिनं फुंकर मारली. मग पुन्हा शाई लावून स्वतःच छाप काढला, घाईघाईनं, आणि उजेडाकडे धरला.

बटेवाचूनही ती सुंदरच दिसत होती.