लोरोंग लंपूतला ताप

वेलू अंकलना न्यायला माणसं आली तेव्हा नीता कणीक मळत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला आधी नुसती पांढरी गाडी दिसली. भोंगा नाही, घाई नाही. गाडीतून दोघं उतरले. अंगभर झगे, तोंडावर मास्क, त्यावर गॉगल. ते समोरच्या घरात शिरले आणि पाचेक मिनिटांत अंकलना घेऊन बाहेर आले. अंकल स्वतःच्या पायांनी चालत होते. त्यांच्याही तोंडावर मास्क होता आणि हातात टॉवेल, दाढीचं सामान असलेली पिशवी. गाडीत चढण्याआधी त्यांनी मान वळवून नीताच्या खिडकीकडे पाहिलं आणि हात वर केला.

नीता पटकन खाली बसली. ओट्याच्या आडोशाला, कणकेने भरलेल्या हातांनी. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, गाडी निघून गेली, तरी ती उठली नाही.

एप्रिल २००३ चे दिवस होते. सार्सच्या साथीने सिंगापूरला महिन्याभरापासून धरलं होतं. रोज संध्याकाळी टीव्हीवर नवे आकडे यायचे. शाळा बंद होऊन पुन्हा उघडल्या होत्या. एमआरटी रेल्वेत कोणी खोकलं की आजूबाजूच्या जागा आपोआप रिकाम्या व्हायच्या. पण हे सगळं शहरात. लोरोंग लंपूत असं काही येईल हे नीताच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

लोरोंग लंपू म्हणजे दिव्यांची गल्ली. क्रांजीच्या अलीकडे, मलेशियाला जाणाऱ्या रुळांना चिकटून चौदा बैठी घरं, एक छोटं देऊळ आणि एक चहाचं दुकान, एवढाच तिचा पसारा. वेलू अंकलांचे वडील तंजावरहून रूळ टाकायला आले होते. आधी मजुरांच्या झोपड्या उभ्या राहिल्या, मग तिथे गाडी दोन मिनिटं थांबू लागली, मग रेल्वेने क्वार्टर्स बांधली. सिग्नलचे रॉकेलचे दिवे इथे पुसून, भरून ठेवायचे, म्हणून गल्लीला हे नाव. अंकल याच गल्लीत जन्मले, मोठे झाले आणि सांधे बदलणारे पॉइंट्समन म्हणून इथेच रिटायर झाले. गाड्या थांबायच्या कधीच बंद झाल्या होत्या. आता त्या शिट्टी वाजवत तशाच पुढे जायच्या आणि गल्लीतली माणसं सकाळी बसने क्रांजी स्टेशन गाठून एमआरटीने चहूकडे कामाला पांगायची. नीताचा नवरा सुबोध त्यांतलाच. सेम्बावांगच्या शिपयार्डमध्ये तो इंजिनिअर होता. वर्षापूर्वी नागपूरहून आल्यावर, बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटपेक्षा अंगण असलेलं घर बरं म्हणून त्यांनी इथलं एक घर भाड्याने घेतलं होतं.

दिवसभर गल्लीत मागे उरायची ती नीता, समोरचे वेलू अंकल आणि शेजारच्या मॅडम गो. अंकलांशी नीताचं छान जमलं होतं. ती सांबार न्यायची, ते पपई द्यायचे. त्यांची बायको वारलेली, मुलगा मेलबर्नला. सहा वर्षांची ऋता शाळेतून आली की तडक त्यांच्याच व्हरांड्यात.

परवा रविवारीसुद्धा दोघी दीड तास तिथे बसल्या होत्या. अंकल मधूनमधून खोकत होते. "मिरचीचा ठसका," असं म्हणाले होते. आणि ऋताने त्यांच्याच बशीतली पपई, त्यांच्याच काट्याने खाल्ली होती.

हे आठवलं तशी नीता उठली. तिने नळाखाली हात धरले. कणीक केव्हाच निघून गेली, तरी ती हात धूतच राहिली.

दुपारी तीनच्या सुमाराला आरोग्य खात्याची माणसं आली. एक चिनी तरुण आणि एक मलय बाई, हातात कागद. ती फाटकाबाहेरच उभी राहिली.

"मॅडम, समोरच्या मिस्टर वेलूंकडे गेल्या दहा दिवसांत तुम्ही गेला होता का? घरातलं आणखी कोणी?"

खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. पण त्या क्षणी नीताच्या डोळ्यांपुढे काचेपलीकडची एक खोली उभी राहिली. वर्तमानपत्रात तिने वाचलं होतं, त्या हॉस्पिटलात भेटायला कोणालाच सोडत नाहीत. आईलासुद्धा नाही. पांढऱ्या पलंगावर ऋता, आसपास गॉगल लावलेली माणसं, आणि आपण बाहेर.

"नाही," ती म्हणाली. "फाटकातूनच हाय-हॅलो. तेवढंच."

"नक्की?"

"नक्की."

तरुणाने कागदावर खूण केली, ताप आला तर फोन करायचा म्हणून एक पत्रक दिलं आणि दोघं मॅडम गोंच्या दाराकडे वळली. नीता दाराला पाठ लावून उभी राहिली. 

संध्याकाळी सुबोध आला तोच बातमी घेऊन. बसस्टॉपवर त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

"आपण त्यांच्याकडे गेलो नव्हतो ना एवढ्यात?" बूट काढता काढता त्याने विचारलं. "अगं, यार्डात गेटवर रोज ताप मोजतात. एका वेल्डरच्या खोलीतल्या माणसाला नुसता संशय होता, तर सगळ्या खोलीला घरी बसवलं. माझा इथे काम करायचा पास पुढच्याच महिन्यात रिन्यू व्हायचाय."

"नाही रे," नीता म्हणाली. दुसऱ्यांदा खोटं बोलणं पहिल्यापेक्षा सोपं गेलं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने पोट दुखत असल्याचं कारण सांगून ऋताला घरी ठेवलं. ऋता चिडली. "Mummy, my tummy not pain, lah!" नीताने तिला जवळ ओढलं आणि काखेत थर्मामीटर लावला. छत्तीस पूर्णांक आठ सेल्सिअस, म्हणजे ताप नाही. तासाभराने पुन्हा लावला. दुपारपर्यंत पोरगी थर्मामीटर बघितला की पलंगाखाली शिरायला लागली. स्वतःचा घसा नीता आरशात बघायची, बॅटरी मारून. लाल दिसतोय का? कालही एवढाच लाल होता का?

चार वाजता मॅडम गोंचा नातू जुनवेई फाटकाशी येऊन हाका मारू लागला. "ऋता! Come and play!"

"आज नाही, जुनवेई. घरी जा," नीता खिडकीतूनच ओरडली. तिचा स्वर इतका कडक होता, की पोरगं बावचळून मागे सरलं. तो गेल्यावर तिला आठवलं, सोमवारी ही दोन्ही पोरं तासभर एकाच चेंडूशी खेळत होती. म्हणजे तोही. आणि त्याच्यामुळे त्याची आजी. आणि सुबोध रोज सकाळी खचाखच भरलेल्या डब्यात उभा राहून जातो. ती मनातल्या मनात एकेक माणूस जोडत गेली आणि यादी संपेना. पत्रक फ्रिजवर चिकटवलेलं होतं. ती दोनदा फोनपाशी गेली आणि दोनदा परत फिरली. उद्या बघू. उद्यापर्यंत काही झालं नाही, तर काही होणारच नाही.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. वेलू अंकल होते. आवाज खोल गेलेला, शब्दाशब्दाला धाप.

"नीताम्मा? घाबरू नकोस. मी इथे बराय. ह्या लोकांनी विचारलं, घरी कोण येतं. मी सांगितलं, माझ्याकडे कोण येणार, म्हाताऱ्याकडे? कोणी नाही." ते खोकले. बराच वेळ खोकले. "तुझी छोटी पोर आहे. तुला उगाच त्रास नको."

आता बोलायला हवं होतं. अंकल, असं करू नका, खरं सांगा, मीही सांगते. सगळं ओठांवर आलं होतं.

"थँक यू, अंकल," नीता म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती तिथेच भिंतीला टेकून रडली. आजारी माणूस, श्वास पुरत नाही, आणि तो आपल्यासाठी खोटं बोलतोय. आणि आपण त्याला थँक यू म्हणतोय.

चौथ्या दिवशी सकाळी ऋता उठलीच नाही. नीताने कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. अडतीस पूर्णांक तीन. थर्मामीटर झटकून पुन्हा लावला. अडतीस पूर्णांक चार.

"मम्मी, गिळताना दुखतं," ऋता मराठीत म्हणाली. एरवी ती घरातही इंग्रजीच झाडायची.

इतके दिवस नीता ज्याला भीत होती ते आता समोर येऊन ठाकलं होतं. विचार करायला काही उरलंच नव्हतं. पत्रकावरचा नंबर तिने लावला. सगळं सांगितलं. रविवार, पपई, काटा, जुनवेई, चेंडू. "आणि मी तुमच्या माणसांना खोटं सांगितलं," ती म्हणाली. पलीकडच्या बाईने पत्ता विचारून घेतला. मग म्हणाली, "मुलीजवळच राहा. मास्क लावा. गाडी येतेय."

मग तिने सुबोधला फोन केला. तो यार्डाच्या गेटबाहेर पोचला होता.

"ऋताला ताप आहे," ती म्हणाली आणि पुढचं एका दमात सांगून टाकलं.

पलीकडून ट्रकचे आवाज येत होते. 

"सुबोध?"

"मला का नाही सांगितलंस?" तो हळूच म्हणाला. "चार दिवस मी एमआरटीने जातोय, नीता. परवा एका म्हाताऱ्या बाईला मी हात देऊन उतरवलं."

नीताने पलंगावरच्या ऋताकडे पाहिलं.

"मी येतो," तो म्हणाला. "पण गाडीत बसत नाही आता. चालत येतो."

सेम्बावांगपासून क्रांजीपर्यंत, भर उन्हात, माणसं दिसली की रस्ता बदलत सुबोध चालत आला. तो गल्लीत पोचला तेव्हा पांढरी गाडी दारात उभी होती. झगेवाल्या नर्सने ऋताला मास्क लावला होता. तो तिच्या चेहऱ्याला इतका मोठा होत होता, की नुसते डोळे दिसत होते. नर्सने नीताकडे बघितलं. "तुम्हीही संपर्कातल्या. चढा." नीताने सुबोधकडे पाहिलं. तो फाटकापासून दहा हातांवर थांबला होता, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. जवळ आला नाही. यायला परवानगी नव्हती आणि त्याने मागितलीही नाही. त्याने ऋताला हात केला. ऋताने हात केला नाही. ती आईच्या ओढणीत तोंड खुपसून बसली होती.

हॉस्पिटलात त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत नेलं. नीताला ज्याची भीती होती तेच झालं. मधल्या काचेतून ऋता दिसत होती, ऐकू येत नव्हती. ती रडत होती हे तिच्या उघड्या तोंडावरून कळत होतं. नीता काचेला दोन्ही तळवे टेकवून उभी राहिली. एक नर्स ऋताजवळ बसली आणि हातमोज्याचा फुगा करून त्याच्यावर पेनाने डोळे काढू लागली. ऋता थांबून थांबून रडली, मग नुसती फुग्याकडे बघत राहिली. नीताला वाटलं, चार दिवसांपूर्वी बोलले असते तर कदाचित हिला इथे यावंच लागलं नसतं. घरातल्या घरात दहा दिवस कोंडून राहिलो असतो, एवढंच. नाहीतर यावं लागलंही असतं. कोणी सांगावं.

दोन दिवसांनी ऋताचा ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, घशाचं साधं इन्फेक्शन दिसतंय. पण अंकलांचं निदान पक्कं होईपर्यंत सगळ्यांनी घरात बंद राहायचं. घरात कॅमेरा बसवला गेला. दिवसातून कधीही फोन यायचा आणि तिघांनी एकेक करून कॅमेऱ्यासमोर थर्मामीटर धरायचा. सुबोध वेगळ्या खोलीत झोपायचा. जेवणाचं ताट तो दारातून घ्यायचा. बोलायचा कामापुरतं. मॅडम गोंच्या दारातही तसाच कॅमेरा लागला होता, आणि दुपारी त्यांच्या खिडकीतून जुनवेई जाळीला नाक लावून बाहेर बघत असायचा.

एका दुपारी पुन्हा अंकलांचा फोन आला. श्वास आता बरा होता.

"तू सांगितलंस म्हणे."

"हो, अंकल. माफ करा. मला..."

"माफी कसली? चूक माझीच." ते म्हणाले. "तीस वर्षं रुळांवर काम केलं मी. रूळ मोकळा नसेल तर मागच्या स्टेशनला खोटी लाइन क्लिअर द्यायची नाही, माणसं मरतात. मला कोणी शिकवायला नको होतं हे. म्हातारपणी विसरलो बघ."

घरात बंद राहिल्याच्या सातव्या दिवशी अंकलांचा पहिल्यासारखाच दुसरा रिपोर्टही स्वच्छ आला, सार्स नव्हता. साधा न्यूमोनिया होता. कॅमेरे निघाले. त्या संध्याकाळी सुबोध स्वतःहून ओट्यापाशी येऊन कांदा चिरायला बसला. दोन कांदे चिरून झाल्यावर म्हणाला, "मीही पासचंच बोलत बसलो. तू सांगणार तरी कशी होतीस." नीताने मान हलवली. तेवढ्याने सगळं मिटलं असं नव्हे, पण पुन्हा बोलणं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी ती मॅडम गोंकडे माफी मागायला गेली. त्यांनी जाळीचं दार उघडलं नाही.

"माझा नातू रोज रडायचा," त्या म्हणाल्या. "मला हृदयाचा त्रास आहे, तुला ठाऊक होतं. तू एक शब्द बोलली नाहीस."

"खरंय," नीता म्हणाली. "सॉरी, मॅडम गो."

त्यांनी आतलं लाकडी दार हळूच लावून घेतलं. पुढे बसस्टॉपवर भेटल्या की त्या मान हलवायच्या, पण जुनवेईला त्यांनी परत कधी खेळायला पाठवलं नाही.

मे महिन्याच्या मध्याला वेलू अंकल घरी आले. अर्धे झाले होते. नीताने मऊ भात केला, डबा भरला आणि समोर गेली. ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते.

"ये ना आत," ते म्हणाले.

तिला सगळं ठाऊक होतं. दोन्ही रिपोर्ट स्वच्छ. डॉक्टरांनी लिहून दिलेलं. तरी फाटकाच्या कडीवर ठेवलेला तिचा हात थिजला. अंकलांनी ते पाहिलं असणार. ते काठी टेकत उठले, फाटकापर्यंत आले आणि डबा घेऊन गेले.

तीन दिवस असंच झालं. चौथ्या दिवशी तिने कडी काढली, पायऱ्या चढून गेली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली.  अंकल भात खात होते, आणि खाता खाता त्यांना ठसका लागला. नीता जागची हलली नाही. तिने पाण्याचा ग्लास उचलून त्यांच्या हातात दिला.