हात सुटला तिथे

बाबांना तिथे न्यायचा हट्ट माझाच होता, त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर फोडायला दुसरं डोकं उपलब्ध नव्हतं.

दादाने आधीच बजावलं होतं. "गर्दीत नेऊ नकोस. त्यांना बोलता येत नाही, कळतंय ना तुला?"

"चार भिंतींकडे बघत बसून कुणाला वाचा फुटत नाही," मी म्हणाले.

आमच्या घरात दादा काळजी करतो आणि मी भांडते, अशी कामाची वाटणी आहे. पण या वेळी तो एकदम हळू आवाजात बोलला, आणि दादाचा आवाज उतरला की समजायचं, याचं ठरलंय. "काही झालं ना, तर बाबा माझ्याकडे राहायला येतील. आणि मग मी त्यांना दाराबाहेर सोडणार नाही."

वर्षापूर्वी बाबांना मेंदूचा झटका आला. उजवा पाय जरा ओढतो, ते चालतं. पण शब्द सगळे गेले, एकच उरला: हो. जेवलात? हो. दुखतंय का? हो. दुखत नाही ना? हो. खरं काय ते डोळ्यांकडे बघून ओळखायचं, आणि ते फक्त दादाला आणि मला येतं.

शहरातल्या मोठ्या बागेत जगभरच्या संगीताचा महोत्सव होता. हिरवळीवर तीन मंच, माणसांचा नुसता समुद्र. एका मंचावर घशातून एकाच वेळी दोन सूर काढणारे गायक होते. बाबा तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. मग ढोलवाले आले, आणि बाबांची डावी बोटं माझ्या मनगटावर ताल धरायला लागली. मी इतकी खूश झाले, की दादाला फोन करून चिडवायचंसुद्धा ठरवलं.

तेवढ्यात पाणी संपलं. नळ जवळच होता. तिथे जाऊन मी बाबांचा हात सोडला, बाटली नळाखाली धरली. त्याच वेळी ढोलवाले वाजवत वाजवत मंचावरून थेट गर्दीत उतरले. लोक दोन्हीकडे ढकलले गेले, मीही चार माणसांआड गेले. परत नळापाशी आले, तर बाबा नव्हते.

त्यांचं नाव आणि माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी रोजच्या शर्टाच्या खिशात असते. आज मीच त्यांना नवा शर्ट घालायला लावला होता. काय तर म्हणे, फोटो चांगले येतील.

खरं सांगायचं तर पहिली भीती गेटबाहेरच्या बसची वाटली. तिथून शहराच्या चारी टोकांना बस सुटत होत्या, आणि बसवाले दिसेल त्याला विचारत होते, "आजोबा, चढताय ना?" बाबा काय म्हणणार? हो.

दुसरी भीती त्याहून मोठी होती. बाबांनी आयुष्यभर पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवलं. त्यांचा एक कडक नियम होता, तलावावरही आणि घरातही. हरवलेल्याने हलायचं नाही. हात सुटला तिथे जाऊन उभं राहायचं. शोधायचं काम बाबांचं. लहानपणी जत्रेसारख्या गर्दीत मी कितीदा तरी अशी खांबासारखी उभी राहिलेय, आणि दर वेळी बाबांनी मागून येऊन डोक्यात टपली मारलीय. आता हात नळापाशी सुटला होता आणि बाबा नळापाशी नव्हते. म्हणजे शब्दांबरोबर नियमही पुसला गेला होता. म्हणजे दादा म्हणत होता तेच खरं होतं.

मी पळत सुटले. आमच्या घरची एक शीळ आहे, तीन सूर वर आणि एक खाली. ती घातली. शेजारच्या टोळक्याला वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनीही घातली. बघता बघता अर्धी हिरवळ आमच्या घरची शीळ घालायला लागली आणि मंचावरच्या बासरीवाल्याने ती उचलली. टाळ्या पडल्या. मला त्या सगळ्यांच्या एकेक कानाखाली द्यावीशी वाटली.

फोन वाजला. दादा.

"काय करतायत बाबा?"

"गाणी ऐकतायत," मी म्हणाले.

"धापा का टाकतेयस?"

"नाचतेय," म्हणून मी फोन ठेवला.

लाउडस्पीकरवरून कुणीतरी सांगत होतं, लाल फ्रॉक घातलेली लहान मुलगी आजोबांपासून चुकली आहे, दिसल्यास चौकशीच्या तंबूत आणावी. मनात म्हटलं, चला, आज रडणारी मी एकटीच नाही. मी गेटवर जाऊन दोन बसमध्ये चढले, सीटा बघितल्या, उतरले. तिसरी माझ्या डोळ्यांदेखत निघाली. तिच्या काचांवर ऊन पडलं होतं, आतलं काही दिसलं नाही. बाबा त्यात असले तर? मी थोडं अंतर तिच्यामागे धावलेसुद्धा. मग शेवटी चौकशीच्या तंबूत गेले.

पिवळ्या जाकिटातली मुलगी माझं सगळं ऐकून गोंधळली. "पाय ओढत चालणारे? निळा शर्ट? अहो, ते इथे येऊन गेले. पण ते हरवलेले नव्हते. त्यांचीच नात हरवलीय."

"नात? त्यांना नात नाहीये."

"हाताने दाखवत होते ना, एवढी, एवढी म्हणून." तिने आपल्या कमरेशी हात आडवा धरला. "मी विचारलं, सहा वर्षांची? हो म्हणाले. लाल फ्रॉक? हो म्हणाले. आम्ही मघापासून सांगतोय. मी बसवलं होतं त्यांना, पण थांबलेच नाहीत."

मी तिच्या आडव्या हाताकडे बघत राहिले. गर्दीत खांबासारखी उभी राहायचे, तेव्हा मी एवढीच होते.

बाबा नियम विसरले नव्हते. त्यांच्या हिशेबाने हरवलेले ते नव्हतेच. हरवले होते मी. ते मला शोधत होते. आणि मी मूर्खासारखी पळत होते.

"परत आले तर थांबवून ठेवू का?" मुलीने विचारलं.

"ते थांबणार नाहीत," मी म्हणाले. "मलाच थांबायला हवं."

मी नळापाशी जाऊन उभी राहिले. आयुष्यात याहून अवघड काम मी केलेलं नाही. शेवटचं गाणं संपलं, लोक चटया गुंडाळायला लागले, गर्दी गेटकडे वळली. प्रत्येक निळा शर्ट बघून पाय आपोआप उचलले जात होते आणि मी ते परत खाली ठेवत होते. एक बस सुटल्याचा हॉर्न ऐकू आला. माझंच डोकं मला म्हणत होतं, अगं, झटका आलेल्या माणसाच्या भरवशावर उभी आहेस तू, पळ. बाबा कुठे पडले असतील, तर मी इथे नळाशेजारी शहाण्यासारखी उभी होते, हे दादाला कोणत्या तोंडाने सांगू? हिरवळ रिकामी व्हायला लागली. मी डोळे मिटून घेतले, कारण उघडे ठेवले तर पळाले असते.

मागून डोक्यात टपली बसली.

डाव्या हाताची होती, म्हणून जरा तिरकी लागली. मी वळले. बाबा घामाने निथळत होते, नवा शर्ट खांद्यावर उसवला होता, आणि रागाने त्यांचे ओठ थरथरत होते. त्यांनी माझ्या तोंडापुढे बोट नाचवलं. मग बोट खाली गेलं आणि त्यांनी मला इतक्या जोरात धरलं, की माझ्या हातातली बाटली पडली. मी बागेच्या मधोमध भोकाड पसरलं.

फोन परत वाजला. या वेळी मी खोटं बोलले नाही.

"दादा, मी हरवले होते."

नियम त्यालाही पाठ होता. "मग?" त्याने हळूच विचारलं.

"मग काय, हात सुटला तिथे उभी राहिले. बाबांनी शोधलं."

दार बंद करायचं की उघडं ठेवायचं, ते आता त्याने ठरवायचं होतं. तो म्हणाला, "फोन बाबांना दे."

मी स्पीकर सुरू केला.

"बाबा, सापडली का ती?"

"हो," बाबा म्हणाले. या वेळी मला त्यांच्या डोळ्यांकडे बघावं लागलं नाही.

"मग तिला घरी घेऊन या," दादा म्हणाला. "आणि हात सोडू नका तिचा."