मोसंबीच्या पानाचा काप

“चार खेपा मारायला लावल्या लेकराला, आन दर खेपेला नाव नवं! एकदा अंकिता, एकदा अमृता. काहून, एवढाल्या पोथ्या वाचलेल्या माणसाला एक अर्पिता ध्यानात राहीना?”

राजूरहून जालन्याला निघालेल्या एसटीत सोनूबाईचा आवाज पार ड्रायव्हरपर्यंत पोहोचत होता. मांडीवर मोसंबीची थैली, शेजारी नात. अर्पिताने खिडकीकडे तोंड फिरवलं होतं.

“आजी, हळू बोल ना. लोक ऐकून राह्यले.”

“ऐकू दे. हळू बोलून तुझं काय झालं ते बघून राह्यले ना मी.”

झालं होतं ते असं. अर्पिताला हैद्राबादच्या एका मोठ्या संस्थेत एम.एस्सी.ला जायचं होतं. अर्जासोबत दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागत होती. एका मॅडमनी लगेच पाठवलं. दुसरं वनस्पतिशास्त्राच्या जगन्नाथ सरांकडून यायचं होतं, आणि सरांचं ‘उद्या ये’ संपत नव्हतं. आता मुदतीतला उद्या एकच उरला होता.

‘शिफारस’ हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा सोनूबाईचं डोकंच फिरलं होतं. “शिफारस? म्हंजी वशिलाच की! आपल्या घरात आजवर कुणी कुणाचे पाय धरले न्हाईत. तू धरणार व्हय?”

“वशिला न्हाई आजी. ज्यांनी शिकवलं ते सर लिहून देतात, पोरगी कशी आहे ते. पुढचे लोक त्यावरून ठरवतात.”

“मंग चौकशी म्हण की! उगं मोठाले शब्द कशाला?”

चौकशी सोनूबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. गावात कुणाच्याही पोरीला स्थळ आलं की पाहुणे मुलीच्या घरी जायच्या आधी सोनूबाईच्या ओसरीवर टेकायचे. सोनूबाई खोटं बोलायची नाही आणि कुणाच्या लेकीला वाईटही म्हणायची नाही. पोरगी मनात भरलेली असली की खुणेनिशी सांगायची, अमक्याच्या तेराव्याला हिनं एकटीनं चुलीपुढं बसून पंगत उठवली, तमकीच्या बाळंतपणात हीच उशाशी होती. आणि मनात भरलेली नसली तर “बरी हाये” म्हणायची आणि चहाचा कप पुढे सरकवायची. त्या दोन शब्दांवर पाहुणे चहा पिऊन थेट परतूरला परत गेलेले होते. म्हणून आज ती स्वतः निघाली होती. चौकशी द्यायची तर कशी द्यायची असते, हे त्या सरांना दाखवायला हवं होतं.

सरांचं घर मस्तगडात, एका कपड्याच्या दुकानावर. दार त्यांच्या बायकोनं, शैलाबाईंनी उघडलं. सर लॅपटॉपपुढे बसले होते. चष्म्यावरून पाहत म्हणाले, “ये ये, अंकिता.”

“अर्पिता,” सोनूबाई म्हणाली आणि थैली त्यांच्या पायाशी ठेवली. “घरच्या बागेतली हाये. बायकोला, लेकराबाळांला रस काढून द्या.”

सरांनी पाय मागे घेतले, जणू थैलीत इंगळी होती.

“मावशी, हे आधी उचला. मी विद्यार्थ्यांकडून काही घेत नाही. पत्रासाठी तर बिलकुल नाही.”

“पत्रासाठी कोण देऊन राह्यलं? रिकाम्या हातानं कुणाचा उंबरा चढायची आमच्यात रीत न्हाई.”

“रीत असेल. माझं तत्त्व आहे.”

मोसंबी काढून घ्यायला परात घेऊन आलेल्या शैलाबाई दारातच थबकल्या. सोनूबाईच्या कानशिलापर्यंत रग चढली. उभ्या जन्मात तिची थैली कुणी परत केली नव्हती. थैली परत करतात ती वैऱ्याची. एरवी तिनं त्याच पावली उठून, जिना उतरेपर्यंत त्या घराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण नातीचे डोळे फरशीला खिळलेले दिसले. तिनं थैली ओढून स्वतःच्या पायाशी घेतली आणि राग गिळला.

“लिहा मंग सर. पोरगी समोर हाये.”

“लिहितो ना. पण स्पष्टच सांगतो, मावशी. वर्ग नेहमी भरलेला असतो. हिचं असं ठळक काही मला आठवत नाही, आणि खोटं मी लिहीत नाही. नियमित होती, वागणूक चांगली होती. एवढं लिहीन.”

सोनूबाईनं चमकून वर पाहिलं. तोच सूर. फक्त चहाचा कप तेवढा पुढे आला नव्हता.

“सर, एवढ्यानं तर स्थळ मोडतं.”

“स्थळ?”

“तुम्ही जे म्हणून राह्यले ना, ‘वागणूक चांगली’, ते कुणालाबी म्हणता येतं. माझ्या गोठ्यातल्या म्हशीचीबी वागणूक चांगलीच हाये. तुम्ही हिला पाहुण्यासारखं विचारा. शिवणटिपण न्हाई, तुमच्या विद्येतलं विचारा. काय येतं काय न्हाई, बराबर कळंल. लहानपणापासून ही पोरगी...”

“आजी, तू गप बस जरा!”

सोनूबाईला गप बस म्हणायची छाती तिच्या नवऱ्याचीही कधी झाली नव्हती. तो तसाच देवाघरी गेला. सोनूबाई गप बसली, पण रागानं नाही. या पोरीच्या गळ्यात एवढा आवाज आहे हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

“सर,” अर्पिता म्हणाली. आवाज पुन्हा खाली आला होता, पण थांबला नाही. “दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलला सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मोसंबीच्या पानाचा काप होता. पिवळ्या पडलेल्या पानाचा. तुम्ही तो सगळ्या वर्गाला दाखवला होता.”

सरांचा चेहरा एकदम उजळला. “तो काप! अगं, विसरेन कसा? विद्यार्थ्याच्या हातून इतका पातळ, इतका सलग काप मी क्वचितच पाहिला. पण तो तर तुमच्या वर्गातल्या पार्थचा होता.”

“माझा होता, सर.”

“तुझा?”

“तुम्ही विचारलं, कुणाचा हा. मी मागं उभी होते. पार्थ सूक्ष्मदर्शकापाशी होता. तुम्ही त्याच्याच पाठीवर थाप मारली. तो काही बोलला नाही.”

“आणि तू?”

“मीपण नाही बोलले.”

सोनूबाईला ते दिवस लख्ख आठवले. स्वयंपाकघरात फतकल मारून बसलेली ही पोर, हातात दाढीचं ब्लेड, बटाट्याला चीर देऊन त्यात खुपसलेलं पान, आणि चकत्यांचा नुसता सडा. “पानं माझ्या बागेतली हायत, सर,” ती म्हणाली. “भाजीला बटाटा ठेवला न्हाई म्हणून मी चांगली झोडपली व्हती हिला.”

“बटाटा,” सर स्वतःशीच म्हणाले. मग सावकाश, “त्या कापाच्या कडेला बटाट्याचा कण चिकटला होता. मी पार्थला म्हणालो होतो, पान धरायला पुढच्या वेळी बटाट्याऐवजी गाजर घे. तो नुसता हसला.”

आता त्यांना पटलं होतं, हे सगळ्यांनाच दिसलं. सोनूबाईचा जीव भांड्यात पडणार, तोच सरांचा लॅपटॉपकडे गेलेला हात अर्ध्यात थांबला.

“पार्थनंही तिथेच अर्ज केलाय,” ते म्हणाले. “त्याचं पत्र मी काल संध्याकाळीच पाठवलं. त्यात... त्या कापावर अख्खा परिच्छेद आहे.”

“मंग आज दुसरं पाठवा. म्हणा, चुकलं माझं. काप हिचा हाये.”

“असं होत नसतं, मावशी.”

“काहून होत न्हाई? चुकीची चौकशी दिली तर आपुन उठून त्या घरी जातो का न्हाई, सांगायला?”

“तिथे माझ्या शब्दाला किंमत आहे. इतकी वर्षं मुलं माझ्या पत्रावर गेलीत. आज ‘चुकलं’ म्हणून कळवलं, तर उद्या माझं पत्र कोण वाचेल? पार्थचंही नुकसान होईल.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “दोन्ही पत्रांत तोच काप लिहिणंही बरं दिसणार नाही. तू काळजी करू नकोस, अर्पिता. मी तुझं छान लिहितो. होतकरू, जिज्ञासू, अभ्यासू. चांगले चार शब्द घालतो.”

आज पहिल्यांदा त्यांनी नाव बरोबर घेतलं होतं.

“कशावरून घालणार, सर?” अर्पितानं विचारलं. “तुम्हाला माझं दुसरं काही आठवत नाही.”

परात छातीशी धरून उभ्या राहिलेल्या शैलाबाई हळूच म्हणाल्या, “अहो, कळवा की.” सरांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मग नियमित होती एवढंच लिहा, सर,” अर्पिता म्हणाली. “तेवढं खरं आहे. पण आज पाठवा.” ती उठली आणि चपला घालायला बाहेर गेली. पट्टा नीट न अडकवताच जिन्यावर जाऊन उभी राहिली.

सोनूबाईनं थैली उचलली. एवढ्यात ती दुप्पट जड झाली होती. हैद्राबाद तर आता हातातून गेल्यातच जमा होतं.

“मावशी, असं रागानं जाऊ नका,” सर म्हणाले. “चहा तरी घ्या.”

दारापर्यंत गेलेली सोनूबाई वळली. बाहेर उभ्या नातीला ऐकू जाईल, पण खालच्या दुकानापर्यंत जाणार नाही, एवढ्याच आवाजात बोलली.

“सर, येताना मी समजत व्हते, तुम्ही विसरभोळे हायत. तसं न्हाई. तुम्ही लबाडबी न्हाई, लबाड असते तर माझी मोसंबी ठेवून घेतली असती. तुम्ही खरंच बोलता, पण सोताला झळ लागत न्हाई तवरच. उद्या माझ्या ओसरीवर कुणी तुमची चौकशी करायला आलं, तर मी वाईट एक शब्द बोलणार न्हाई. चहा देईन आन म्हणीन, माणूस बरा हाये.”